माणूस पाठवायचा की यंत्र? गगनयानाचा खर्च नीट कसा वाचायचा

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अंतराळाच्या चार कामांना एकाच दिवशी पैसे मंजूर केले. गगनयान आणि त्याला जोडून भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग, यांची एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपयांवर गेली. पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला ८,२४० कोटी मिळाले. चंद्रावरची माती घेऊन परत येणाऱ्या चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी आणि शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाला १,२३६ कोटी. शेवटच्या दोन मोहिमांतून थेट विज्ञान हाती येणार आहे. त्यांची बेरीज ३,३४० कोटी, म्हणजे माणूस पाठवण्याचा आकडा त्याच्या सहापट आहे.

२०,१९३ कोटी म्हणजे नेमके किती, हे नवी मुंबईकराला सांगायला फार लांब जावं लागत नाही. अटल सेतूला सुमारे १७,८४० कोटी लागले आणि नवी मुंबई विमानतळाच्या पहिल्या टप्प्याला सुमारे १९,६५० कोटी. एका विमानतळाच्या टप्प्याएवढ्या पैशात देश माणूस अंतराळात पाठवायला शिकणार आहे. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर १४० कोटी लोकांत ही रक्कम वाटली की माणशी सुमारे १४४ रुपये पडतात, तेही अनेक वर्षांत मिळून. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सगळे मिळून १३,४१६ कोटी होते. केंद्राच्या एकूण खर्चातल्या शंभर रुपयांतले ते सव्वीस-सत्तावीस पैसे.

वादात प्रत्येक जण यातला आपल्या सोयीचा आकडा उचलतो. ‘एवढ्यात किती रुग्णालयं झाली असती’ म्हणणारा पहिला घेतो, ‘माणशी दीडशे रुपयेसुद्धा नाहीत’ म्हणणारा दुसरा. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांच्यावरून खर्च योग्य की अयोग्य हे ठरत नाही. त्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या काढून तपासाव्या लागतात. माणूस पाठवल्याने खर्च नेमका कुठे वाढतो, तिथे गेल्यावर तो असं काय करतो जे यंत्राला जमत नाही, आणि माणूस पाठवला नाही तर वाचलेलं खरोखर विज्ञानाला मिळतं का.

हवा स्वस्त, खात्री महाग

गगनयानाचा आराखडा असा आहे: तीन जण, ४०० किलोमीटर उंचीची कक्षा, तीन दिवसांपर्यंत मुक्काम आणि समुद्रात उतरणं. माणसाला जगवायचं म्हणजे टनभर सामान लागत असेल, असं वाटतं. हिशेब करून पाहू. एक माणूस दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन वापरतो आणि सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तिघांचे तीन दिवस मिळून नऊ माणूस-दिवस होतात. म्हणजे साडेसात किलो ऑक्सिजन हवा आणि नऊ किलो कार्बन डायऑक्साइड काढून टाकायला हवा. तो शोषायला लिथियम हायड्रॉक्साइड वापरलं तर एक किलो वायूमागे १.०९ किलो लागतं, म्हणजे दहा किलोच्या आत काम भागतं. श्वासापुरतं लागणारं सामान वीस किलोंच्या आत बसलं.

महाग आहे ती खात्री. वजनविरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, कारण वर-खाली असं काही उरतच नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचतो. त्यामुळे पंखा अखंड फिरत राहायला हवा. पंखा बंद पडला तर दुसरा हवा, पहिला बंद पडला हे कळायला संवेदक हवा, आणि संवेदकच चुकला तर त्याला खोटं पाडायला आणखी एक. अपोलो-१३ वर १९७० मध्ये नेमकी अशीच अडचण आली. मुख्य यानातले कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे चौकोनी होते आणि चंद्रावर उतरण्याच्या यानातली खाच गोल होती. रसायन यानात होतं, फक्त बसत नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून तो सांधा जमवावा लागला. असे सगळे सांधे आधी शोधून काढणं, यातच पैसा आणि वर्षं जातात.

आता इंजिन घ्या. गगनयान वाहून नेणाऱ्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकाच्या सर्वांत वरच्या टप्प्यात सीई-२० नावाचं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारं, इंजिन असतं. उपग्रह आणि चांद्रयान-३ त्याच जातीच्या इंजिनाने वर गेले. माणसासाठी ते पात्र ठरवायला चार इंजिनं ३९ वेळा पेटवली गेली. किमान ६,३५० सेकंद चालवणं आवश्यक होतं, प्रत्यक्षात ती एकूण ८,८१० सेकंद चालली. उड्डाणात हे इंजिन दहा-अकरा मिनिटं जळतं, आणि त्या दहा-अकरा मिनिटांच्या भरवशासाठी जमिनीवर जवळपास अडीच तास इंधन जाळावं लागलं.

एवढा आटापिटा का, ते १२ ऑगस्ट २०२१ च्या उड्डाणावरून कळतं. जीएसएलव्ही-एफ१० च्या वरच्या टप्प्यात हायड्रोजनच्या टाकीची एक झडप गळत होती. टाकीतला दाब घटला, इंजिन नीट पेटलं नाही आणि ईओएस-०३ उपग्रह समुद्रात गेला. समिती बसली, कारण सापडलं, दुरुस्ती झाली. वर माणसं असती तर गळकी झडप तीन जिवांवर बेतली असती.

म्हणून यानाच्या टोकावर सुटकेचा मनोरा बसवतात. प्रक्षेपकाच्या बाजूचे दोन एस-२०० बूस्टर घन इंधनाचे आहेत, प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त इंधन. ठाण्या-नवी मुंबईच्या वाचकाला ही जवळची गोष्ट वाटावी: गगनयानासाठीच्या या बूस्टरच्या कवचाचा, ३.२ मीटर व्यासाचा एक भाग पवईच्या कारखान्यात बनला, आणि याच प्रक्षेपकाच्या मधल्या टप्प्याची ‘विकास’ इंजिनं विक्रोळीत बनतात. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. काही बिघडलं तर पेटलेल्या बूस्टरपेक्षा जास्त वेगाने माणसांची कुपी बाजूला काढणं, एवढाच मार्ग उरतो. ते काम मनोऱ्यातल्या छोट्या, झटक्यात पेटणाऱ्या मोटरी करतात. उड्डाण सुरळीत झालं की मनोरा न वापरता फेकून देतात. म्हणजे प्रत्येक यशस्वी उड्डाणात हे वजन वाया जातं, आणि ते वाया जावं अशीच सगळ्यांची इच्छा असते.

२१ ऑक्टोबर २०२३ ला या सुटकेची चाचणी झाली. पहिल्या प्रयत्नात उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने स्वतःच सगळं थांबवलं, कारण इंजिन पेटण्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला काहीतरी खटकलं. दोष शोधून सकाळी दहाला उड्डाण झालं. सुमारे बारा किलोमीटर उंचीवर कुपी सुटी झाली आणि श्रीहरिकोट्यापासून दहा किलोमीटरवर समुद्रात उतरली. बातम्यांनी दहाचं उड्डाण दाखवलं. आमच्या मते त्या दिवशीचं जास्त मोलाचं यश ते पाच सेकंद आधी थांबणं होतं.

परतीच्या वाटेवर दहा पॅराशूट क्रमाने उघडतात. दोन झाकण ओढून काढतात, दोन कुपीचं डोलणं थांबवून वेग कमी करतात, तीन लहान पॅराशूट तीन मोठ्यांना बाहेर खेचतात. मोठं प्रत्येक पंचवीस मीटर व्यासाचं असतं. तीनपैकी दोन उघडली तरी माणसं सुखरूप उतरतात, तिसरं केवळ खात्रीसाठी. शेजारच्या दोन दोऱ्या गुंतल्या, घडी चुकली किंवा स्फोटक खिळा अर्ध्या सेकंदाने उशिरा सुटला तर काय होईल, यातली प्रत्येक शक्यता विमानातून वजनं टाकून तपासावी लागते. नुसती माती परत आणायची असती तर कितीतरी हलकी आणि साधी कुपी पुरली असती. मातीला कितीतरी पट वजन सोसायला काही त्रास नसतो.

हे सगळं अभियांत्रिकी आहे, आणि उत्तम अभियांत्रिकी आहे. यातून देशाला भरवशाचं इंजिन आणि बारकाईने तपासणारी पिढी मिळते, आणि तेच इंजिन उद्या शुक्राच्या यानालाही उपयोगी पडतं. पण याला विज्ञान म्हणू नये. गगनयानाचं समर्थन करताना ‘शेकडो प्रयोग होतील’ असं सांगितलं की समर्थन उलट दुबळं होतं, कारण त्या प्रयोगांच्या तराजूत २०,१९३ कोटी कधीच बसणार नाहीत. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. भारताला तो प्रवास सुमारे ५५० कोटींना पडला. तिथे मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग झाला, स्नायूंवर आणि सूक्ष्म शैवालांवरही झाले. चांगले प्रयोग होते. पण ५५० कोटी मोडांसाठी दिले नव्हते. भारतीय अंतराळवीराला आणि इथल्या चमूला खऱ्या उड्डाणाचा सराव मिळावा म्हणून ते दिले होते, आणि तसंच सांगितलेलं बरं. अंतराळामुळे वेल्क्रो आणि टेफ्लॉन मिळाले, हाही असाच एक फोल दावा. दोन्ही अंतराळयुगाच्या आधीचे आहेत.

हात, डोळे आणि अडकलेलं ड्रिल

मग माणसाचा विज्ञानाला उपयोगच नाही का? आहे, आणि तो मोजताही येतो.

अपोलो-१७ च्या दोघांनी डिसेंबर १९७२ मध्ये तीन फेऱ्यांत, सुमारे बावीस तासांत, गाडीतून पस्तीस किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी गाडीला बेचाळीस किलोमीटरला अकरा वर्षं लागली. आपलं प्रज्ञान २०२३ मध्ये एका चांद्र-दिवसात, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे चौदा दिवसांत, शंभर मीटरच्या आसपास फिरलं. अपोलोच्या सहा उतरणींतून ३८२ किलो दगडमाती आली. सोव्हिएत संघाच्या तीन यंत्रयानांनी मिळून आणली ती ३२६ ग्रॅम. चीनच्या चांग-अ-५ ने १,७३१ ग्रॅम आणली.

फरक फक्त वजनाचा नाही. अपोलो-१७ वरचे हॅरिसन श्मिट हे चंद्रावर गेलेले एकमेव भूगर्भशास्त्रज्ञ. चालता चालता त्यांना पायाखाली नारिंगी माती दिसली आणि त्यांनी तिथेच खणायला घेतलं. तो ज्वालामुखीच्या फवाऱ्यातून पडलेल्या काचेच्या मण्यांचा थर निघाला. यंत्राला तेवढ्यासाठी आधी फोटो पाठवावा लागतो, पृथ्वीवर बैठक होते आणि मग आज्ञा जाते.

दुसरं उदाहरण आम्हाला सर्वांत बोलकं वाटतं, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. नासाच्या इनसाइट यानाने मंगळावर जर्मनीत बनलेली एक ‘खुंटी’ नेली होती. सुमारे ४० सेंटिमीटर लांब, आतल्या हातोड्याने स्वतःला ठोकत पाच मीटर खोल जाणारी. ग्रहाच्या पोटातली उष्णता मोजणं हे तिचं काम. तिने फेब्रुवारी २०१९ मध्ये ठोकायला सुरुवात केली आणि थोडं जाऊन ती अडकली. तिथली माती गुठळ्या करून बसणारी निघाली. खुंटीच्या अंगाशी घर्षण मिळेना, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला ती पुढे जाण्याऐवजी उसळायची. यंत्रहाताच्या फावड्याने दाबून पाहिलं, बाजूची माती चेपली. जवळपास दोन वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, प्रयत्न सोडून दिले. खुंटीचं डोकं जेमतेम जमिनीखाली गेलं होतं. तिथे माणूस असता तर त्याने ती उपटून दोन हात पलीकडे परत रोवली असती.

पण माणसाचं काय झालं तेही पाहा. चंद्रावर हाच उष्णतेचा प्रयोग करायला अपोलो-१५ वर डेव्हिड स्कॉट यांना ड्रिल दिलं होतं. तेही अडकलं आणि भोकं ठरल्यापेक्षा निम्म्याच खोलीची झाली. परत आल्यावर ड्रिलची रचना बदलली. अपोलो-१६ वर सुधारलेलं ड्रिल व्यवस्थित खाली गेलं. मग जॉन यंग यांचा पाय केबलमध्ये अडकला, केबल तुटली आणि प्रयोग संपला. फुगलेल्या अंतराळपोशाखात स्वतःचे पाय दिसत नाहीत. माणूस दुरुस्ती करतो तसा घोटाळाही करतो, मात्र दोन्ही फार लवकर करतो.

हबल या अंतराळ दुर्बिणीची दुरुस्ती माणसाच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष. २.४ मीटरच्या आरशाची कड २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती, आणि १९९० मध्ये वर गेलेली दुर्बीण धूसर चित्रं देऊ लागली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा बाहेर पडून तिला दृष्टी दिली. २००९ पर्यंत अशा एकूण पाच भेटी झाल्या. आज ती जे देते त्यातलं बरंचसं या भेटींचं फळ आहे. तरी हिशेबाची दुसरी बाजू दडवू नये. अंतराळवीरांना तिथे नेणाऱ्या अमेरिकी शटल यानांचा एकूण खर्च १३५ उड्डाणांवर वाटला तर प्रत्येक उड्डाण सुमारे दीड अब्ज डॉलरला पडतं. पाच भेटींच्या पैशात नव्या दुर्बिणी पाठवता आल्या असत्या का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांनीच विचारला आहे. जेम्स वेब दुर्बीण पंधरा लाख किलोमीटरवर आहे, तिथे दुरुस्तीला कोणी जाणार नाही. म्हणून सगळी काळजी जमिनीवरच घेतली गेली आणि खर्च दहा अब्ज डॉलरवर गेला. माणूस नसला की विज्ञान आपोआप स्वस्त होतं, असंही नाही. मंगळावरची माती यंत्रांनी परत आणायच्या योजनेचा अंदाज ११ अब्ज डॉलरपर्यंत चढला आणि ती योजनाच अडली.

माणूस आणि यंत्र एकमेकांचं काम कसं पुढे नेतात, याचा नमुना आपल्याच घरात आहे. अपोलो-११ ने आणलेल्या मातीत पांढरट अनॉर्थोसाइटचे बारीक तुकडे सापडले. त्यावरून कल्पना निघाली की तरुण चंद्रावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलकं खनिज वर तरंगून त्याचं कवच झालं. पण तो पुरावा विषुववृत्ताजवळचा होता. प्रज्ञानवरच्या क्ष-किरण उपकरणाने दक्षिण ध्रुवाच्या बाजूची माती तेवीस ठिकाणी तपासली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या चमूने २०२४ मध्ये दाखवलं की तिचं मिश्रण याच कल्पनेशी जुळतं. सगळी मोहीम सुमारे ६१५ कोटींची. माणसाने आणलेल्या मातीने प्रश्न उभा केला होता, आणि माणूस जिथे अजून गेलेला नाही तिथे जाऊन यंत्राने तो पुढे नेला.

यावरून एक कामापुरता नियम निघतो. जागा जवळ असेल, जमीन गुंतागुंतीची असेल आणि काय शोधायचं हेच आधी माहीत नसेल, तिथे माणूस मोलाचा. काय मोजायचं ते ठरलेलं असेल तर यंत्र. सूर्य, क्ष-किरण, दूरच्या आकाशगंगा यांना माणसाचा काहीच उपयोग नाही. उलट तो शेजारी हलला तरी दुर्बीण थरथरते. दुर्बिणी वाहून नेणारं भारताचं ॲस्ट्रोसॅट यान सुमारे १७८ कोटींत झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्याची महत्त्वाची उपकरणं बनवली, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्यावरून ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या आकाशगंगेचे अतिनील किरण टिपले. तिथे अंतराळवीराला करण्यासारखं काही नव्हतं.

मंगळाचा हिशेब आणखी वेगळा आहे. संदेश एका बाजूने जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणून तिथे माणूस असण्याचा फायदा चंद्रापेक्षा मोठा. पण क्युरिऑसिटी यानाने वाटेत मोजलेला किरणोत्सार दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट होता, म्हणजे पृथ्वीवर निसर्गतः नऊ महिन्यांत मिळतो तेवढा एका दिवसात. जाण्यायेण्याचा प्रवासच सुमारे ६६० मिलिसिव्हर्टचा होतो, आणि नासाची अंतराळवीराच्या सगळ्या कारकिर्दीची मर्यादा ६०० आहे. शिवाय एक अडचण पैशाने सुटत नाही. व्हायकिंग यानं मंगळावरच्या जीवाचा शोध घ्यायला निघण्याआधी सुमारे ११२ अंशांवर तीस तास भाजून निर्जंतुक केली होती. माणसाला भाजता येत नाही. तो उतरला की त्याच्याबरोबर अब्जावधी जंतू उतरणार, आणि मग सापडलेला जीव तिथला की आपला, हा घोळ कायमचा होऊन बसेल.

पनवेलची संस्था आणि चंद्रावरचा माणूस

नवीन पनवेलला, कळंबोली महामार्गाजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. रोज शेजारून जाणाऱ्या अनेकांना ती आत काय करते हे ठाऊक नसतं. ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे चढउतार नोंदवते. हे काम मुंबईत १८४१ पासून, कुलाब्याच्या वेधशाळेत चालत आलं. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या, आजवरच्या सर्वांत मोठ्यांपैकी एका चुंबकीय वादळाची नोंद तिथेच झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला गेली. तिथे ती आजही चालू आहे. कोणाला काही विकता येणार नाही अशा नोंदी, पिढ्यान्‌पिढ्या.

त्यांचा माणूस पाठवण्याशी काय संबंध? ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर प्रचंड स्फोट झाले. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो-१७ डिसेंबरमध्ये जाणार होतं. ते दोन मोहिमांच्या मधे झाले म्हणून निभावलं. त्या दिवशी कोणी चंद्रावर मोकळ्यात असतं तर आजारी पडण्याइतका किरणोत्सार बसला असता. ४०० किलोमीटरवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बरंच सांभाळून घेतं, त्यामुळे गगनयानाला हा धोका कमी. पण २०४० पर्यंत भारतीय चंद्रावर उतरवायचा असेल तर सूर्याचा अंदाज लागेल, आणि तो अंदाज जुन्या नोंदी व आदित्य-एल१ सारख्या यानांतून तयार होतो. माणूस पाठवण्याची किंमत मांडताना या कामाचा खर्च कोणी धरत नाही, आणि कपातीची वेळ आली की पहिली कात्री अशाच कामांना लागते.

वाचलेले पैसे जातात कुठे

‘गगनयान थांबवा, ते पैसे विज्ञानाला द्या’ असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचं १९९३ साल जरूर पाहावं. जूनमध्ये अंतराळ स्थानक रद्द करायचं की नाही यावर प्रतिनिधिगृहात मतदान झालं आणि स्थानक एका मताने वाचलं. ऑक्टोबरमध्ये टेक्सासचा महाकाय कणत्वरक, म्हणजे सूक्ष्म कण वेगाने आदळवून तपासणारं यंत्र, रद्द झाला. तोपर्यंत सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च होऊन २३ किलोमीटर बोगदा खणून झाला होता. तिथे वाचलेले पैसे ना स्थानकाला मिळाले, ना दुसऱ्या भौतिकशास्त्राला. ते अर्थसंकल्पात विरून गेले, आणि हिग्ज कण २०१२ मध्ये जिनिव्हाजवळच्या कणत्वरकात सापडला. एकाचं काढलं म्हणजे ते दुसऱ्याच्या ताटात पडतं, असं सरकारी खर्चात क्वचितच घडतं.

उलट बाजूही तितकीच खोटी आहे. माणसांच्या मोहिमा असल्या की त्यांच्या सावलीत विज्ञान वाढतं, असं म्हणतात. मे २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने नासाच्या विज्ञानाचा खर्च जवळजवळ निम्मा करायचा प्रस्ताव मांडला, आणि त्याच प्रस्तावात माणसांच्या मोहिमांचे पैसे थोडे वाढवले होते.

विज्ञानाचं खरं नुकसान होतं ते माणसांच्या वाहनाला बांधून घेतल्यावर. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर फुटलं आणि शटल अडीच वर्षांहून जास्त काळ बंद राहिलं. गुरूकडे जाणारं गॅलिलिओ यान त्याच शटलमधून जाणार होतं, ते १९८९ पर्यंत अडकलं. साठवणुकीत आणि अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ट्रकमधून झालेल्या फेऱ्यांत त्याच्या छत्रीसारख्या अँटेनाच्या काड्यांवरचं वंगण झिजलं. १९९१ मध्ये अंतराळात ती उघडलीच नाही. सेकंदाला एक लाख चौतीस हजार बिट पाठवणारं यान लहान अँटेनावर दहा ते दीडशे बिटांवर आलं. गुरूची कितीतरी चित्रं अशी कायमची हुकली.

ही गोष्ट भारताने आत्ताच ध्यानात घ्यायला हवी, कारण आपल्याकडे खरी ओढाताण रुपयांपेक्षा रांगेची आहे. श्रीहरिकोट्याला दोन प्रक्षेपण तळ आहेत. एलव्हीएम-३ आणि जीएसएलव्ही फक्त दुसऱ्यावरून उडतात. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३,९८५ कोटींचा तिसरा तळ मंजूर झाला, त्याला चार वर्षांची मुदत आहे. गगनयानाच्या मंजुरीत डिसेंबर २०२८ पर्यंत आठ उड्डाणं धरली आहेत. चांद्रयान-४ ला एलव्हीएम-३ ची दोन उड्डाणं लागतील. शुक्रयानाचा मुहूर्त मार्च २०२८ चा आहे. म्हणजे तिसरा तळ वेळेत झाला तरी ही सगळी गर्दी दुसऱ्या तळावर, त्याच जोडणी-इमारतींत आणि त्याच इंजिन-चाचणी केंद्रांवर होणार. झडप तपासणारा अभियंता एका वेळी एकाच मोहिमेची झडप तपासतो.

आमचं मत असं आहे. गगनयान करावं. ते अभियांत्रिकीचं काम म्हणून करावं, त्याचं मोजमाप सुटलेल्या दोषांत आणि सुखरूप परत आलेल्या माणसांत करावं, आणि विज्ञानाचे पैसे वेगळ्या ओळीत, हात न लावता ठेवावेत. पण पैसे वेगळे ठेवून भागणार नाही, तळावरची पाळीही वेगळी राखायला हवी. माणसाच्या उड्डाणाला मुहूर्त नसतो. शंका आली तर ते महिनाभर पुढे ढकलता येतं, आणि ढकलायलाच हवं. शुक्राचं तसं नाही. पृथ्वी आणि शुक्र सोयीच्या जागी ५८४ दिवसांनी, म्हणजे एकोणीस महिन्यांनी येतात. मार्च २०२८ मध्ये तळावर गगनयानाचं एखादं उड्डाण दुरुस्तीसाठी अडून बसलं असेल, तर त्याला खाली उतरवून शुक्रयानाला जागा द्यायची, हे आजच लिहून ठेवता येईल. मार्च चुकला तर पुढची संधी थेट २०२९ च्या अखेरीस आहे.